रकान्यात आपल्या मनाचं लिहू नका : महाराष्ट्रातल्या प्रगणकांना खुले पत्र

जनगणना २०२७ साठी घरोघर जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या बाईंना आणि गुरुजींना,

(प्रत माहितीस्तव : महानिबंधक व जनगणना आयुक्त, नवी दिल्ली. ते वाचतील असा भरवसा नाही, पण पत्राखाली ‘प्रत’ लिहायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.)

सप्रेम जयभीम. नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. बुलढाणा जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर पस्तीस वर्षं काढली आणि त्यात तीन जनगणना केल्या : १९९१, २००१ आणि २०११. खांद्याला झोळी, हातात गटाचा नकाशा, दारातलं कुत्रं चुकवत ‘घरात कोणी आहे का’ अशी हाक. सकाळी गेलं तर माणसं वावरात, दुपारी गेलं तर झोपलेली, संध्याकाळी गेलं तर ‘मास्तर, आता देवाधर्माच्या वेळेला काय?’ मानधन किती मिळालं आणि कधी मिळालं यावर मी काही बोलत नाही. तुम्हाला लवकरच कळेल.

तुमच्या हातात आता कागद नसून मोबाइल असणार. शिवाय १९३१ नंतर जनगणनेत पहिल्यांदाच प्रत्येकाची जात मोजली जाणार आहे. साहजिकच सगळी चर्चा जातीच्या रकान्याची चालली आहे. मला मात्र त्याच्या आधीच्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. २०११ च्या तक्त्यात सातवा प्रश्न धर्माचा होता आणि आठवा अनुसूचित जाती-जमातीचा. दोन्हींच्या मध्ये एक छापील रेघ. त्या रेघेत आमचं घर सत्तर वर्षं अडकलेलं आहे. तुम्ही आमच्या दारात याल तेव्हा ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझे वडील १९५६ च्या ऑक्टोबरात नांदुऱ्याहून नागपूरच्या गाडीत चढले. गाडी म्हणजे नुसती माणसांची भिंत होती, असं ते सांगत. अंगावर पांढरं धोतर, तेही मागून आणलेलं. चौदा तारखेला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आले ते डोळे सुजलेले, पाय फुटलेले आणि चेहऱ्यावर असं काही की आजी घाबरली. आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीवर नेले. आजी काही बोलली नाही. दोन दिवस जेवलीही नाही. नंतर तीच पहाटे उठून त्रिशरण म्हणायला लागली, तिच्या स्वतःच्या चालीत, जात्यावरच्या ओवीसारखं. घरातला धर्म असा आठ-दहा दिवसांत बदलला. कागदावर बदलायला किती वर्षं लागली त्याचीच ही गोष्ट.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या जनगणनेत निघाले २७ लाख ८९ हजार. हा आकडा मी वर्गात मुलांना फळ्यावर लिहून दाखवायचो. दहा वर्षांत एवढी माणसं कुठून बाहेरून आली नव्हती. ती त्याच गावात, त्याच वस्तीत, त्याच पडक्या भिंतींच्या आत राहत होती. प्रगणक दारात आला तेव्हा त्यांनी वेगळा शब्द उच्चारला, एवढंच. आणि तो उच्चारताना त्यांना ठाऊक होतं की त्याची किंमत मोजावी लागणार.

किंमत होती राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात. १० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींची यादी निघाली. त्यातला तिसरा परिच्छेद म्हणतो की हिंदूपेक्षा वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. आमची नाही. म्हणजे वडील नागपूरला गेले तेव्हा गाडीत चढताना महार होते, सवलतींना पात्र होते. उतरताना बौद्ध झाले आणि केंद्र सरकारच्या लेखी त्यांच्यावरचा हजार वर्षांचा अन्याय त्याच क्षणी संपला. गावातल्या विहिरीला मात्र ही बातमी पोचली नाही. तिथं पाणी पूर्वीसारखंच वरून ओंजळीत मिळत होतं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारचा तो निर्णय आमच्या पिढीला शाळेत टिकवून गेला, हे ऋण आहे. केंद्राचं दार मात्र बंदच राहिलं.

१९६६ ला वडिलांनी मला शाळेत नेलं. गुरुजी दाखल-खारीज रजिस्टर उघडून बसले होते. नाव, जन्मतारीख (एक जून, आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांसारखीच), मग धर्म आणि जात. वडील म्हणाले, ‘बौद्ध.’ गुरुजींनी टाक खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी आवाज खाली आणून वडिलांना सांगितलं, ‘तुम्ही घरी काय मानता ते माना. पण उद्या पोराला रेल्वेत, पोस्टात लागायचं झालं तर? पोराचं नुकसान करू नका.’ आणि लिहिलं ‘हिंदू महार’. वडील तिथून निघाले ते घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. गुरुजींचं म्हणणं कायद्याने शंभर टक्के बरोबर होतं. नेमकं तेच मला आजही बोचतं. चूक गुरुजींची असती तर मी केव्हाच विसरलो असतो.

आमच्या पिढीत अशी दोन नावांची माणसं घरोघर आहेत. वस्तीत बौद्ध, दाखल्यावर हिंदू महार. घरात बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर, पेटीत तिच्याविरुद्ध साक्ष देणारा कागद. ज्यांनी हट्टाने ‘बौद्ध’ लिहून घेतलं त्यांची केंद्राच्या नोकरीची वाट बंद झाली. ज्यांनी नाही लिहून घेतलं त्यांना जयंतीच्या मिरवणुकीत कुणी ना कुणी टोमणा मारलाच. सरकारने धर्मावर बंदी घातली नव्हती. जा, हवा तो धर्म घे, राज्यघटनेचं पंचविसावं कलम आहेच. फक्त जाताना दाराशी काय ठेवून जायचं ते आधी ठरवून घे.

चौतीस वर्षांनी, १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने त्या तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. आणि पुढच्याच फेब्रुवारीत जनगणना आली. माझी पहिली.

इथे माझी चूक सांगतो. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, डोक्यात चळवळ, अंगात रग. मला मिळालेल्या गटात आमचीच एक वस्ती होती. पहिल्याच घरी एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसलेले. धर्म विचारला, ‘बौद्ध’ म्हणाले. जात विचारली, तर खाकरून म्हणाले, ‘ती टाकून आलो नागपूरला.’ मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी हसलो, त्यांच्या पाया पडलो आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात ‘नाही’ करून पुढे गेलो. त्या दिवशी वस्तीत वीस-बावीस घरं केली. बहुतेकांनी धर्म बौद्ध आणि जात बौद्ध सांगितली, आणि मीही अभिमानाने तसंच नोंदवलं. कायदा बदललाय हे मला माहीत होतं. बौद्धाला आता अनुसूचित जातीत मोजता येतं, पण त्यासाठी यादीतलं जातीचं नाव सांगावं लागतं, हेही प्रशिक्षणात ऐकलं होतं. मी त्यांना विचारायला हवं होतं की काका, टाकलेली जात कोणती? मी विचारलं नाही, कारण मला त्यांचं उत्तर आवडलं होतं.

प्रगणकाला उत्तर आवडणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. न आवडलं तर माणूस निदान सावध तरी होतो.

हे आकडे पाहा. १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या होती सुमारे ४५ लाख, म्हणजे शेकडा ७.१. १९९१ मध्ये झाली ८७ लाख ५७ हजार, शेकडा ११.१. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. कुणी म्हणेल, काय हा जननदर! जननदर वगैरे काही नाही. आदेशातला एक शब्द बदलला, आणि जी माणसं आजवर कुठल्याच हिशेबात नव्हती ती हिशेबात आली. त्याआधीच्या तीन जनगणनांमध्ये ती होती की. प्रगणकाने त्यांना पाहिलं होतं, त्यांच्या घरचं पाणी प्यायला होता किंवा टाळलं होतं. फक्त सरकारच्या लेखी अत्याचारही झालेला नव्हता आणि त्यावरच्या उपायाचा हक्कही नव्हता.

आणि २०११ चं गणित पाहा. राज्यात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रातले. त्यातले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. उरलेले तेरा लाख कोण? काही इतर समाजांतून धम्मात आलेले असणार, त्यांचा प्रश्न वेगळा. पण त्या तेरा लाखांत त्या खाटेवरच्या काकांसारखी किती माणसं असतील, आणि माझ्यासारख्या किती हुशार मास्तरांनी ती तिथं नेऊन ठेवली असतील, याचा विचार करून मला रात्री झोप लागत नाही असं म्हणणार नाही. लागते. पण पहाटे जाग येते तेव्हा तो आकडा आठवतो. विधानसभेच्या राखीव २९ जागा आणि लोकसभेच्या ५ जागा काही हवेतून ठरलेल्या नाहीत. त्यामागे अशीच कुणीतरी दारात उभं राहून केलेली खूण असते.

आमच्या लोकांतही यावर दोन तट आहेत, ते तुम्हाला दारातच ऐकायला मिळतील. एक म्हणेल, दोन्हीकडे बौद्धच लिहा, जात मानायची नाही तर सांगायची कशाला. दुसरा म्हणेल, भाऊ, जात तू मानत नाहीस, गाव मानतं. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे आणि ते मी आमच्या विहारात उघड मांडतो : धर्म बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात यादीतलं नाव. पण हे माझं मत झालं, आणि मी आता प्रगणक नाही. तुम्ही आहात. तुम्ही दोन्ही प्रश्न पूर्ण विचारा, दुसरा प्रश्न कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगा, आणि समोरचा जे सांगेल ते नोंदवा.

आता आमच्या पेटीतल्या कागदांबद्दल, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी स्वतःच्या घरात हे भोगलं असेल. मुलाची जात पडताळणी करायची होती. पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे बौद्ध असण्याचा नाही, महार असण्याचा. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली. आजोबांच्या पोराच्या जन्माची नोंद, मोडीत. वाचणारा शोधायला तीन आठवडे गेले. एक निवृत्त कारकून भेटले, त्यांनी भिंगातून बोट फिरवत वाचलं : गावाचं नाव, बापाचं नाव, पुढे जात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’. माझ्यावर ‘हिंदू महार’, त्यापुढे गॅझेटाने केलेली दुरुस्ती. मुलाच्या दाखल्यावर सरळ ‘बौद्ध’. खिडकीतल्या साहेबांनी चारही कागद पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाले, ‘अहो, हे एकाच घरातले लोक कसे?’

मी म्हणालो, साहेब, घर एकच आहे. बदललं ते विचारणारं सरकार.

हे मी तिथं म्हणालो नाही. घरी येताना एस.टी.त सुचलं. तिथं मी फक्त ‘हो साहेब, वंशावळ जोडलीय’ म्हणालो आणि आणखी एक प्रतिज्ञापत्र करून दिलं.

मी हिंदू आहे की नाही, या प्रश्नाचं सरकारी उत्तर कोणत्या टेबलासमोर उभा आहे त्यावर ठरतं. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातलं स्पष्टीकरण म्हणतं की हिंदूंच्या सार्वजनिक धर्मस्थळांपुरता हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्धही येतात. लग्नाचा वाद कोर्टात गेला तर मला लागू होतो हिंदू विवाह कायदा, १९५५ चा, मग लग्न बुद्धवंदनेने लागलेलं का असेना. अल्पसंख्याक आयोगाच्या टेबलापाशी गेलो तर मी हिंदू नाही, १९९३ पासून अधिसूचित अल्पसंख्याक आहे. आणि गुजरातेत जाऊन कुणाला दीक्षा घ्यायची असेल तर? तिथल्या गृह खात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म समजायचा आणि हिंदू धर्मातून त्यात जायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची. आपण वेगळे आहोत हे सरकारने मान्य करावं म्हणून आम्ही इतकी वर्षं भांडलो. मान्य केलं, ते परवानगीचा अर्ज भरायला लावण्यासाठी. १९५६ ला दीक्षाभूमीवर असा नियम असता तर त्या लाखो अर्जांवर शिक्के मारायला नागपूरच्या कलेक्टरांना किती वर्षं लागली असती, हे गणित पाचवीच्या मुलांना घालण्यासारखं आहे.

पण मी आमचंच रडगाणं गात बसलो तर ते अप्पलपोटेपणाचं होईल. १९९० ला आमच्यासाठी जे दार उघडलं ते आमच्या मागून येणाऱ्यांच्या तोंडावर बंदच राहिलं.

२०११ ची गोष्ट. गाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. जनगणनेत ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं, आणि ते घर ओळखू येईल असा कुठलाही तपशील मी इथे देणार नाही. दोन खोल्यांचं घर, चुना लावलेलं. भिंतीवर येशूची तसबीर, तिला प्लास्टिकच्या फुलांचा हार. कोनाड्यात जुन्या मराठी बायबलची प्रत, पानं पिवळी पडलेली, मध्ये खुणेला एस.टी.चं तिकीट. आजीबाई एकट्याच घरी होत्या. त्यांनी चटई टाकली, मी बसलो, माणसांची नावं, वयं, शिक्षण सगळं झालं. सातव्या प्रश्नाला आलो. धर्म?

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग तसबिरीकडे. मग उठल्या, तसबिरीवरचा हार सारखा केला, करायची काही गरज नव्हती, आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाल्या, ‘हिंदू लिहा मास्तर. मांग. नातवाचा दाखला व्हायचाय.’

मी लिहिलं. नियम हाच आहे की सांगितलेलं लिहायचं. तसबिरीवरून, नावावरून, गळ्यातल्या क्रुसावरून अंदाज बांधायचा नाही, वाद घालायचा नाही. मी नियम पाळला. बाहेर पडताना आजीबाईंनी मला दोन संत्री दिली. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर उपकार केले.

ख्रिस्ती झालेला मातंग किंवा महार आणि मुसलमान झालेला दलित यांना १९५० च्या आदेशातला तो तिसरा परिच्छेद आजही अनुसूचित जातीत धरत नाही. धर्म बदलला की शिवाशीव संपते असं त्यात गृहीत धरलेलं आहे. ज्याने हे गृहीत धरलं त्याने अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती वस्तीत जाऊन यावं. ती वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला आहे एवढंच पाहिलं तरी पुरे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की धर्मांतरानंतरही तेवढंच मागासलेपण टिकून आहे हे दाखवून द्या. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने शिफारस केली की धर्म आणि अनुसूचित जातीचा दर्जा यांची गाठ सोडा. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळत गेली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईचा निकाल लागला. बाप्तिस्मा घेतलेली, चर्चला जाणारी, नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हणवणारी. न्यायालय म्हणालं, ही राज्यघटनेची फसवणूक आहे. कायद्याच्या चौकटीत निकाल तसाच लागायचा. पण मला त्या आजीबाई आठवल्या. कोण कुणाला फसवत होतं तिथं? खोटं बोलायला लावणारा प्रश्न आधी सरकारने विचारला होता.

कुणी आमच्यातला म्हणेल की त्यांना घेतलं तर आपला वाटा कमी होईल. म्हणतातही, विहाराच्या पायरीवर बसून म्हणतात. १९९० च्या आधी आमच्याबद्दल हेच वाक्य कुठल्या पायरीवर बसून बोललं जात होतं ते मी ऐकलेलं आहे.

बाकीचं थोडक्यात सांगतो. गडचिरोलीकडे ज्यांची नेमणूक असेल त्यांनी ध्यानात ठेवावं : २०११ मध्ये देशभरात दहा लाखांवर लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘गोंडी’ सांगितलं, आणि झारखंडाच्या बाजूला ४९ लाखांवर लोकांनी ‘सरना’. गेल्या वेळी या आदिवासी धर्मांना स्वतंत्र सांकेतांक नव्हता. सांकेतांक होते सहा : हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. या सहांबाहेरचा धर्म कुणी सांगितला तर त्या धर्माचं नाव अक्षरात लिहायचं होतं. तेवढी अक्षरं लिहायचा कंटाळा आला की माणूस हिंदू होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रायगडात एखादं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घर लागेल. मराठी तुमच्यापेक्षा चांगली बोलतील, आडनाव गावावरून पडलेलं, कर-कारांत. आडनाव ऐकून धर्म लिहून टाकू नका. राज्याने त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, आणि त्याआधीच्या मोजणीत ते राज्यात अडीच हजारही नव्हते. तिथं तुमची एक चूक सुद्धा टक्केवारीत दिसेल. आणि कुणी ‘धर्म नाही’ म्हणाला तर तेही उत्तर आहे. हसू नका, ‘म्हणजे हिंदूच ना?’ असं तर मुळीच म्हणू नका. हे ‘म्हणजे हिंदूच ना’ मी सहकाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, आणि ते इतक्या गोड आवाजात विचारतात की समोरच्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं.

आता एक कामाची गोष्ट, जी लोकांना तुम्हीच सांगू शकता. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे तुम्ही भरलेली माहिती कुणाला पाहता येत नाही आणि ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. इथं ‘बौद्ध’ सांगितलं म्हणून जातीचा दाखला रद्द होत नाही. इथं काय सांगितलं ते ना सेतूत कळतं, ना पडताळणी समितीत, ना तलाठ्याला. हे वाक्य मी त्या आजीबाईंना म्हणायला हवं होतं. प्रश्न विचारण्याआधी म्हणायला हवं होतं. मला तेव्हा ते कलम माहीत होतं, पण दुपारची दोनची वेळ, अजून अकरा घरं बाकी, आणि ऊन असं की पेन तापलेलं. त्याच कायद्याचं अकरावं कलम आपल्याबद्दलही आहे : प्रगणकाने जाणूनबुजून खोटी नोंद केली किंवा ऐकलेलं बाहेर फोडलं तर दंड त्यालाही आहे. प्रशिक्षणात हे चहाच्या सुट्टीच्या आधी भरभर वाचून दाखवतात.

महानिबंधक साहेबांना एकच विनंती. ॲपच्या प्रशिक्षणात ‘बौद्ध आणि अनुसूचित जात’ यावर दहा मिनिटं वेगळी ठेवा. नागपूर, अकोला, बुलढाणा, वाशीम, नांदेड, मुंबई, जिथं बौद्ध वस्त्या मोठ्या आहेत तिथं तर ठेवाच. आणि मराठी सूचनांत ‘नवबौद्ध’ हा शब्द वापरू नका. सत्तर वर्षं झाली. आणखी किती दिवस नवे?

प्रगणकांनो, तुमच्याकडे एक मागणी आहे. आमच्या वेळी माहिती भरून झाली की वाचून दाखवायचो आणि माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचो. लोक कागदावर वाकून बघायचे. ज्याला वाचता येत नसे तोही वाकायचा. आता सगळं तुमच्या मुठीतल्या फोनमध्ये. तेव्हा धर्माचा आणि जातीचा प्रश्न भरून झाला की फोन जरा आमच्याकडे वळवा. आम्हाला बघू द्या काय लिहिलंत. काचेवर ऊन पडत असेल तर सावलीत या. आमच्या ओसरीला सावली आहे, पाणीही आहे, आणि चहा तर होणारच.

आपला,
तीन जनगणना केलेला एक निवृत्त शिक्षक

ता. क. – माझी माय आता शहाऐंशीची आहे. तिला नवऱ्याचं नाव विचारू नका, ती घेणार नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत, पण ही एक गोष्ट काही सुटली नाही. १९४८ च्या कायद्यात त्याचीही सोय केलेली आहे : रिवाजाप्रमाणे ज्या बाईला नवऱ्याचं नाव घेता येत नाही तिच्यावर ते सांगायची सक्ती नाही. ते नाव मी सांगेन. धर्म मात्र तिलाच विचारा. ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने विचारा. उत्तर ती त्याहून मोठ्याने देईल, शेजारच्या दोन घरांची उत्तरं तिथंच उरकली असं समजू नका. त्यांच्याही दारात जा.